हातातले ओझे आणि टेलरचा विश्रांतीचा नियम

सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने या दोन आकड्यांची. विश्रांतीची सुट्टी सलग 5 तासांऐवजी 6 तासांच्या कामानंतर देता येईल, ही त्याच निर्णयातली दुसरी तरतूद मला शरीरशास्त्राच्या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगी वाटते. कामगार व्यवस्थापनाच्या अभिजात तत्त्वांचा उगम ज्याच्याकडे दाखवला जातो, तो अमेरिकन अभियंता फ्रेडरिक विन्स्लो टेलर याला कामात विश्रांती केव्हा आणि किती हवी, नेमक्या याच प्रश्नाने अनेक वर्षे छळले होते.

टेलरने 1911 साली मांडलेली तत्त्वे थोडक्यात अशी: प्रत्येक कामाचे शास्त्र मोजमापातून ठरवावे, त्या कामाला योग्य माणूस निवडून त्याला शिकवावे, कामगार आणि व्यवस्थापन यांनी सहकार्य करावे, आणि नियोजनाची जबाबदारी व्यवस्थापनाने स्वतःकडे घ्यावी. याचे त्याने दिलेले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1899 सालचे, पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेमच्या पोलाद कंपनीतले आहे. तेथे मजूर सुमारे 42 किलो वजनाची कच्च्या लोखंडाची लगड उचलून, फळीवरून चढून रेल्वेच्या वाघिणीत टाकत असत. दर माणशी दिवसाला साडेबारा टनांची सरासरी योग्य पद्धतीने साडेसत्तेचाळीस टनांवर नेता आली, असा टेलरचा दावा होता. त्यासाठी मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 डॉलर करण्यात आली.

त्याआधी एका कोड्याने त्याला अडवले होते. माणसाने दिवसभरात किती अश्वशक्ती खर्च केली यावरून त्याचा थकवा ठरेल, अशी त्याची अपेक्षा होती; पण एका कामात अष्टमांश अश्वशक्तीनेच गडी गळून जाई, तर दुसऱ्या कामात अर्ध्या अश्वशक्तीनेही तेवढाच थके. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, हे आपण शाळेत शिकतो. त्या हिशेबाने भरलेली कळशी हातात धरून नुसते उभे राहणाऱ्याचे कळशीवरचे कार्य शून्य असते, तरी काही मिनिटांत त्याचा हात भरून येतो. टेलरचा गणिती सहकारी कार्ल बार्थ याने आकडे पुन्हा मांडले, तेव्हा जड ओझ्याच्या बाबतीत अश्वशक्ती गौण आहे आणि हातावर भार किती वेळ राहतो हेच निर्णायक आहे, असे दिसले.

याचे कारण स्नायूच्या रचनेत आहे. स्नायूतंतूंमध्ये मायोसिन नावाच्या प्रथिनाची असंख्य सूक्ष्म डोकी ॲक्टिनच्या धाग्याला पकडतात, ओढतात आणि सोडतात. अशा प्रत्येक फेरीत एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्च होतो. ओझे स्थिर असले तरी ही फेरी थांबत नाही, कारण काही डोकी सोडत असताना इतरांनी पकडून ठेवल्यानेच ताण टिकतो. बाहेर काहीच हलत नसल्याने ती सारी ऊर्जा अखेर उष्णतेत जाते. शिंपल्याच्या स्नायूला जवळजवळ फुकटात शिंपला तासन्‌तास घट्ट मिटून ठेवता येतो. आपल्या हातापायांच्या स्नायूंना ती सोय नाही. त्यात भर म्हणजे जोराने आकुंचन पावलेल्या स्नायूतील दाब वाढून त्याच्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात, म्हणजे ज्या क्षणी प्राणवायूची गरज सर्वाधिक, त्याच क्षणी त्याचा पुरवठा आटतो. मग स्नायू क्रिएटिन फॉस्फेट या तातडीच्या ऊर्जेच्या साठ्यावर चालतो आणि त्यातून सुटलेले फॉस्फेट साचून मायोसिनची पकड दुबळी करते. लॅक्टिक आम्लाला यासाठी दिला जाणारा सरसकट दोष आता बराचसा मागे पडला आहे. पकड सुटताच रक्त जोराने आत शिरते आणि साठा पुन्हा भरू लागतो. थकवा हा निव्वळ मनाचा खेळ आहे असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या प्रेरणादायी वक्त्यांनी ही प्रक्रिया एकदा समजून घ्यावी.

टेलरच्या नियमानुसार 42 किलोची लगड वाहणाऱ्याच्या हातावर दिवसाचा फक्त 43 टक्के वेळ भार असावा आणि उरलेले 57 टक्के हात मोकळे असावेत. लगड निम्म्या वजनाची असेल तर भाराचा वेळ 58 टक्क्यांपर्यंत नेता येतो. दहा तासांच्या दिवसात साडेसत्तेचाळीस टन म्हणजे सुमारे 1156 लगडी होतात आणि प्रत्येक लगड हातात जेमतेम 13 सेकंद राहते. रिकाम्या हाताने परत येण्याचा वेळही मोकळ्या वेळेतच धरलेला आहे, आणि ते योग्यच आहे, कारण तेवढ्यात पाय चालत असले तरी दंडाला आणि बोटांना रक्त मिळते.

हे सगळे वाचून टेलरबद्दल आदर वाटू लागतो, पण मूळ कागदपत्रे तो टिकू देत नाहीत. रेगी आणि पेरोनी या अभ्यासकांनी 1974 साली ती तपासली, तेव्हा प्रत्यक्षात निवडक मजुरांकडून एक वाघीण झपाट्याने भरून घेतली होती, त्यावरून दिवसाचा 75 टनांचा आकडा काढला होता आणि विश्रांती व खोळंबा यांसाठी सरळ 40 टक्के वजा करून 45 टन ठरवले होते, असे समोर आले. म्हणजे ज्या विश्रांतीला टेलरने पुढे नियमाचा दर्जा दिला, ती येथे अंदाजाने कापलेली वजावट होती. ज्या मजुराला त्याने ‘श्मिट’ हे नाव देऊन बुद्धीने बैलासारखा म्हटले, तो हेन्री नोल नावाचा माणूस फावल्या वेळात स्वतःचे घर बांधत होता.

अभिजात तत्त्वांसाठी टेलरबरोबर ज्याचे नाव घेतले जाते, त्या फ्रान्समधील खाण अभियंता आंरी फायोल याने 1916 साली मांडलेल्या 14 तत्त्वांमध्ये एका माणसाला एकच वरिष्ठ असावा हे तत्त्व आहे, तर टेलरच्या योजनेत एकाच कामगारावर आठ फोरमन. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात मात्र दोघांना शेजारी बसवून गुण दिले जातात.

टेलरच्या पद्धतीला मोठा विरोध झाला तो वॉटरटाउनच्या लष्करी शस्त्रागारात. ऑगस्ट 1911 मध्ये स्टॉपवॉच लावण्यावरून तेथील ओतारी कामगारांनी संप केला, अमेरिकन काँग्रेसने चौकशी समिती नेमली, आणि 1915 साली लष्करी खर्चाच्या कायद्यातच अशा वेळमापनावर पैसे खर्च करण्यास मनाई करण्यात आली. ती मनाई 1949 पर्यंत टिकली.