रक्तातल्या 'मार्कर'वरून कुत्रीची गाठ ओळखता येते का?

'कुत्रीच्या सडाजवळ गाठ आली तर रक्तातलं मार्कर (कॅन्सरची खूण मानलं जाणारं) प्रोटीन तपासा. नॉर्मल आलं की गाठ साधी, ऑपरेशन नको.' हा सल्ला बरीच वर्षं फिरतो आहे. माणसांत अशा रक्तचाचण्या होतात, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे. पण माणसांतही सीए १५-३ हे स्तनाच्या कॅन्सरचं मार्कर प्रोटीन मुख्यतः उपचारांवर लक्ष ठेवायला वापरतात, निदानाला नाही.

कुत्र्यांत साधी गाठ आणि कॅन्सर यांतले या प्रोटीनचे आकडे एकमेकांत मिसळतात. लहान कॅन्सर असतानाही आकडा नॉर्मल येऊ शकतो.

केआय-६७ची गोष्ट वेगळी. हे प्रोटीन विभाजन होणाऱ्या पेशींच्या केंद्रकात असतं आणि काढलेल्या गाठीच्या पातळ कापावर रंगवून मोजतात. प्रमाण जास्त म्हणजे गाठ आक्रमक असण्याची शक्यता जास्त. एचईआर-२ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन मात्र साध्या गाठींतही दिसतं, त्यामुळे कुत्र्यांत त्यावर एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही.

निदान ठरतं हिस्टोपॅथॉलॉजीने, म्हणजे काढलेल्या गाठीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून. त्यासाठी गाठ तिच्या आकारमानाच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणारं द्रावण, १० टक्के) ठेवतात. मोठी असेल तर आधी काप देतात, नाहीतर द्रव आत पोचत नाही, मधला भाग कुजतो आणि प्रोटीनचं रंगवणंही फसतं. प्रत्येक गाठ वेगळ्या डबीत, कुठल्या सडाची ते लिहून. एकाच कुत्रीत एक गाठ साधी आणि दुसरी कॅन्सरची असू शकते.

हातातल्या रिपोर्टवर 'नमुना' ही ओळ बघा. तिथे 'सीरम' (रक्तातला पेशी काढलेला द्रव) लिहिलं असेल, तर गाठ अजून तपासलेलीच नाही.