जांभळ्या पुडीचं कापड निळं का निघतं?

‘पूड जांभळी होती, लोकर मात्र निळी निघाली. भेसळ आहे का?’ समुद्री गोगलगायींपासून (शंखांपासून) आम्ही बनवतो त्या रंगाच्या पुडीबद्दल हा प्रश्न सतत येतो, म्हणून आता प्रत्येक बाटलीसोबत हे पान देतो. भेसळ नाही. बहुतेक वेळा रंगाच्या कुंडावर ऊन पडलेलं असतं.

शंखाच्या रंगाला ऊन दिलं की तो खुलतो, असं अनेकांनी वाचलेलं असतं. ते खरं आहे, पण ग्रंथीतल्या द्रवापुरतं. म्युरेक्स कुळातल्या समुद्री गोगलगायींच्या अंगात तयार जांभळा रंग नसतोच. प्रावरणाच्या (शंखाखालच्या मऊ आवरणाच्या) पोकळीत वरच्या बाजूला, कल्ला आणि गुदांत्र यांच्यामध्ये हायपोब्रँकियल ग्रंथी असते. तिच्यात रंगाचं बिनरंगी पूर्वद्रव्य असतं. ते रक्त नाही आणि ऑक्टोपसची असते तशी शाईही नाही. ग्रंथी चिरडली की त्यात एंझाइम मिसळतं, हवा लागते, द्रव पिवळट, मग हिरवा होतो आणि उजेडात शेवटी जांभळा. तो उग्र, लसणासारखा वास गंधकाच्या संयुगांचा. तोही याच वेळी सुटतो.

हे सगळं आमच्याकडे पूर्ण झाल्यावरच पूड तुमच्या हाती येते. तिला पुढे ऊन नको.

पूड पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्कली आणि हायड्रोज (सोडियम हायड्रोसल्फाइट, हे क्षपणक रसायन) घालून तुम्ही ती विरघळवता. नेमकी इथेच काळजी घ्यायची. हा रंग म्हणजे दोन ब्रोमीन अणू जोडलेली नीळ, डायब्रोमोइंडिगो. विरघळलेल्या अवस्थेत उजेड लागला की ते ब्रोमीन सुटू लागतात. एक सुटला तरी छटा निळीकडे सरकते. दोन्ही सुटले की उरते साधी नीळ. गेलेला ब्रोमीन परत बसवता येत नाही.

म्हणून कुंडाला अपारदर्शक झाकण हवं. काचेचं भांडं खिडकीजवळ ठेवू नका. कापड सावलीतच बाहेर काढा, वाऱ्यावर पूर्ण जांभळं होऊ द्या, मग उजेडात न्या. लोकर असेल तर अल्कली बेतानेच घाला आणि पाणी 50 अंशांच्या आसपास ठेवा.

एक अपवाद आहे. हेक्साप्लेक्स ट्रंक्युलस या जातीच्या गोगलगायीच्या रंगात मुळातच थोडी नीळ असते, त्यामुळे अंधारातही छटा निळसर येऊ शकते. लालसर जांभळा हवा असेल तर बोलिनस ब्रँडारिस या दुसऱ्या जातीची पूड मागा. बाटलीवर जात लिहिलेली असते.

बाटल्या छोट्या का, असंही विचारतात. 1909 साली रसायनशास्त्रज्ञ पाउल फ्रीडलेंडर यांना 12,000 ब्रँडारिस गोगलगायींमधून जेमतेम 1.4 ग्रॅम शुद्ध रंग मिळाला होता. एवढ्या कष्टाची वस्तू एका चुकीत वाया जाऊ नये, म्हणून आधी नमुन्याची पुडी घ्या आणि लोकरीच्या चार धाग्यांवर करून बघा.

निळ्या झालेल्या कापडाचे पैसे आम्ही परत करत नाही. पण शंका असेल तर उरलेली पूड चिमूटभर पाठवा. आम्ही झाकल्या कुंडात धागा रंगवून तुम्हाला पाठवू.