= आणि == : एक ठेवतो, दुसरा विचारतो

शाळेपासून = बघतोय आपण, डावीकडचं आणि उजवीकडचं सारखं आहे एवढाच त्याचा अर्थ डोक्यात बसलेला, आणि मग प्रोग्रॅमिंग शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात समोर येतं वय = वय + 1. गणितात हे सरळ सरळ खोटं आहे, कुठलाच आकडा स्वतःपेक्षा एकने मोठा नसतो. तिथेच बरेच जण अडकतात.

तर इथे = म्हणजे 'बरोबर' नाहीच. उजवीकडे जे काय निघेल ते डावीकडच्या नावात, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, ठेव, बस्स, या ठेवण्यालाच असाइनमेंट म्हणतात. आधी उजवी बाजू सोडवली जाते आणि मग उत्तर डावीकडे जातं, म्हणून वय 18 असेल तर ते 19 होतं. (पायथन 3 या भाषेत व्हेरिएबलचं नाव खरंच 'वय' असं देवनागरीत देता येतं, करून बघा, मजा येते.) == मात्र कशातच काही ठेवत नाही, नुसतं विचारतो की दोन्ही सारखे आहेत का, आणि उत्तर येतं ट्रू (खरं) नाहीतर फॉल्स (खोटं). त्यामुळे 18 == वय चालतं पण 18 = वय चालत नाही, 18 मध्ये काय ठेवणार?

खरा घोळ इफमध्ये होतो, म्हणजे 'अट खरी असेल तरच हे कर' असं सांगतो तिथे. सी या भाषेत इफ (वय = 18) असं चुकून लिहिलं तरी प्रोग्रॅम कंपाइल होतो, म्हणजे कंपाइलर (आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) तो अडवत नाही! कारण सीमध्ये असाइनमेंटला स्वतःची व्हॅल्यू असते, जे ठेवलं तीच, म्हणजे इथे 18, आणि सीच्या लेखी शून्य सोडून सगळं खरंच. म्हणजे इफ दरवेळी चालणार आणि वर वयही गुपचूप बदललं ते वेगळंच. 0 ठेवलं असतं तर इफ कधीच चालला नसता. जावास्क्रिप्टही असंच चालवून घेते. पायथन तिथल्या तिथे सिंटॅक्स एरर देतं, आणि जावा म्हणते मला बूलियन (ट्रू-फॉल्स) पाहिजे, इंट (पूर्णांक) नको, पण व्हेरिएबलच बूलियन असेल तर तीही फसते.

ही चूक फक्त नवशिक्यांची असं वाटत असेल तर 2003 चा किस्सा ऐका. नोव्हेंबरमध्ये कुणीतरी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या (म्हणजे गाभ्याच्या) सोर्स कोडच्या एका कॉपीत दोन ओळी घुसवल्या, दिसायला साधी तपासणी, युजर आयडी 0 आहे का, फक्त तिथे == च्या जागी = होता. लिनक्समध्ये 0 म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेला युजर, म्हणजे विचारायच्या नावाखाली प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) रूटच करून टाकायचं! गंमत अशी की 0 ठेवल्यावर अटीची व्हॅल्यू फॉल्स येते, त्यामुळे एररही दिसली नसती. शिवाय भोवती जादा कंस होते, आणि जादा कंस दिसले की कंपाइलर समजतो हे मुद्दाम केलंय आणि वॉर्निंग देत नाही. मूळ रिपॉझिटरीशी (कोडच्या मुख्य साठ्याशी) ही कॉपी जुळत नाही हे लक्षात आलं म्हणून पकडलं गेलं.

बरं, ठेवायला = च का? अल्गॉल 60 आणि पास्कल या जुन्या भाषांमध्ये ठेवायला := आणि तुलनेला =, मला तर तेच जास्त पटतं. बी या भाषेत आणि मग सीमध्ये ठेवायला = घेतला, प्रोग्रॅममध्ये असाइनमेंट तुलनेपेक्षा कितीतरी जास्त वेळा लागते म्हणून छोटं चिन्ह तिला, असं कारण सांगतात. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत व्हेअरमध्ये (अट लिहितात तिथे) पुन्हा एकच = तुलना करतो, तेव्हा भाषा बदलली की आधी हे बघून घ्यायचं.

उलटी चूकही होते, एका ओळीत नुसतं वय == 20 लिहायचं. पायथन तुलना करतं, उत्तर टाकून देतं, तक्रार नाही, आणि वय होतं तेवढंच राहतं. मग आपण तासभर दुसरीकडेच शोधत बसतो.

काही जण इफमध्ये मुद्दाम 18 == वय असं उलटं लिहितात, म्हणजे एक = सुटला तर कंपाइलरच ओरडतो. वाचायला जरा विचित्र वाटतं, आणि दोन्हीकडे व्हेरिएबल असले की तेही कामाचं नाही, तिथे कंपाइलरच्या वॉर्निंग्ज चालू असलेल्या बऱ्या.