वार्धक्यातील मूत्रपिंडविकार

साठीनंतर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात ती बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या रोगाने नव्हे, तर वर्षानुवर्षे अंगात मुरलेल्या मधुमेहाने आणि उच्च रक्तदाबाने. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या (नेफ्रॉन) असतात. नष्ट झालेली गाळणी पुन्हा तयार होत नाही. चाळिशीनंतर गाळण्याचा वेग, म्हणजे जीएफआर, दरवर्षी मिनिटाला साधारण १ मिलिलिटरने घटतो. ही वयाची घट झाली. जुनाट आजार तिला गती देतात.

मधुमेहात आरंभी गाळण्यांवरचा दाब वाढतो व त्या गरजेपेक्षा अधिक गाळतात. त्यामुळे रक्ताचा अहवाल उलट चांगलाच दिसतो. पुढे त्या झिरपू लागतात आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरते. रक्तदाबाने बारीक धमन्या जाड व अरुंद होतात. दुबळ्या हृदयाकडून मूत्रपिंडांना रक्त कमी पोचते, तर पुरुषांत वाढलेली प्रॉस्टेट ग्रंथी लघवी अडवते. वृद्ध रुग्णात यांतली दोन-तीन कारणे सहसा एकत्रच असतात.

दुखत काहीच नाही, म्हणून निदान लांबते. त्यात क्रिएटिनिनचा आकडा फसवा. क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा व मूत्रपिंडांनी रक्तातून गाळायचा टाकाऊ पदार्थ; म्हातारपणी स्नायू झडतात, त्यामुळे गाळण कमी होऊनही आकडा फारसा चढत नाही. क्रिएटिनिन १.१ असेल तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रानुसार (क्रिएटिनिन, वय व लिंग यांवरून जीएफआर काढण्याचे सूत्र) ३० वर्षांच्या पुरुषाचा जीएफआर ९० च्या वर येतो. ७५ वर्षांच्या आजींचा मात्र ५२ च्या आसपास. ६० पेक्षा कमी जीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मानतात. म्हणून ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नये. वयानुसार काढलेला ईजीएफआर (अंदाजित जीएफआर) आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, या दोन्ही तपासण्या मधुमेही वृद्धाने वर्षातून एकदा तरी कराव्यात.

एका लक्षणाने घरचे लोक हमखास फसतात. शरीरातील इन्सुलिनचा बराच निचरा मूत्रपिंडे करतात. ती थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकते आणि त्याच गोळ्यांवर, त्याच डोसवर साखर उतरू लागते. ‘बाबांची शुगर आता आटोक्यात आली’ म्हणून घरात समाधान असते, आणि एखाद्या पहाटे बाबा घामाघूम होऊन बेशुद्ध सापडतात. कारण नसताना साखर उतरू लागली, तर आनंद मानण्याआधी मूत्रपिंडे तपासावीत.

इंदूरच्या मराठी घरांत पथ्याचा प्रश्न मुख्यतः मिठाचा आहे. सकाळच्या पोह्यांवर शेव आणि जीरावन (खारट इंदुरी मसाला), जेवणात लोणचे-पापड, दुपारी चहाबरोबर पुन्हा नमकीन: जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची ५ ग्रॅमची मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. उपवासाचे सैंधव चालते अशी समजूत आहे. पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडे मंदावलेली असताना ते रक्तात साठून हृदयाची लय बिघडवू शकते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. माळव्याच्या मे महिन्यात उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेले असताना या गोळ्या विशेष घातक. अशा दिवसांत लघवीच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

मूत्रपिंडांची गेलेली ताकद परत येत नाही, पण घसरण बरीच मंदावता येते. रक्तदाब व साखरेवर ताबा, लघवीत प्रथिन जात असल्यास रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातील रक्तदाबाची औषधे आणि मुळात मधुमेहासाठीची, अलीकडची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे त्यासाठी वापरतात. जीएफआर ३० च्या खाली गेल्यावर मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बंद करतात.

इंदुरात महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न महाराजा यशवंतराव रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘एम. वाय.’, हा सरकारी उपचारांचा मोठा आधार आहे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. त्यात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. अनेक आजारांनी खंगलेल्या अतिवृद्धांत डायलिसिसने आयुष्य फारसे वाढतेच असे नाही. तेव्हा सूज, खाज, धाप यांवर उपचार करत डायलिसिसविना काळजी घेणे हाही मान्य मार्ग आहे, आणि तो रुग्ण शुद्धीत असताना, त्याला विचारून ठरवायचा असतो.