सिनरॉक आणि अणुकचरा बांधून ठेवणारी सिरॅमिक्स

अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया केल्यावर उरणारा अतितीव्र किरणोत्सारी कचरा ज्या स्फटिकी पदार्थांत पक्का अडकवतात, ती ही सिरॅमिक्स. त्यांतील सर्वांत परिचित सिनरॉक, म्हणजे कृत्रिम खडक. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील भूरसायनशास्त्रज्ञ टेड रिंगवुड यांनी १९७८ मध्ये त्याची कल्पना मांडली.

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते. ती जॅकार्ड मागावर ताण्याबाण्यातच विणली जाते, म्हणून चादर कितीही धुतली तरी नक्षी टिकते. सिनरॉकमध्येही किरणोत्सारी अणू वरून लेपलेला नसतो, तो स्फटिकाच्या जाळीतच जागा घेतो. सिझियम हॉलंडाइट या खनिजाच्या बोगद्यांसारख्या पोकळ्यांत बसते, स्ट्राँशियम पेरोव्हस्काइटमध्ये कॅल्शियमची जागा घेते, तर युरेनियम आणि प्लुटोनियम झिर्कोनोलाइटमध्ये मुरतात. सोबत रुटाइल असते. सिनरॉकमधली ही चारही खनिजे टायटॅनियमची असतात. मिश्रण सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला दाबाखाली भाजतात. यांपैकी हॉलंडाइट आपल्याच देशात, झाबुआजवळच्या काजळीडोंगरी मँगनीज खाणीत प्रथम आढळले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक थॉमस हॉलंड यांच्यावरून त्याला नाव मिळाले.

टायटॅनियमची खनिजेच का, याचे उत्तर सोलापूरकरांच्या पायाखाली आहे. जिल्ह्यात अणुकेंद्र नाही, पण पाषाण आहे तो दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. पाण्याने त्यातला काचेसारखा भाग आधी बदलतो, मग फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांची चिकणमाती होते. कापसाची आणि ज्वारीची काळी जमीन तशीच तयार झाली. लोह-टायटॅनियमचे काळे कण मात्र पुष्कळ काळ टिकतात आणि ओढ्यांच्या वाळूत साठतात. चुंबक फिरवला की ते चिकटतात. खडकसुद्धा विरघळतो, पण त्यातली सगळी खनिजे सारख्या वेगाने विरघळत नाहीत. रिंगवुड यांनी निवड केली ती अगदी सावकाश विरघळणाऱ्यांची.

तरीही भारतात तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम येथे हा कचरा बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत भरतात. काच बहुतेक मूलद्रव्ये एकत्र सामावून घेते, सिरॅमिकची कृती मात्र कचऱ्यातील घटकांप्रमाणे नेमकी जुळवावी लागते. सिझियम-१३७ आणि स्ट्राँशियम-९० यांचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावण्याचा काळ, सुमारे ३० वर्षे आहे. ३०० वर्षांत त्यांचा हजारावा भागच उरतो, तेवढ्यासाठी काच पुरेशी आहे. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,१०० वर्षे. त्याच्यासाठी स्फटिकाचा खटाटोप मला रास्त वाटतो.

अडचण किरणोत्साराचीच आहे. अल्फा कण बाहेर पडताना उरलेले अणुकेंद्रक मागे ढकलले जाते आणि आसपासची जाळी विस्कटते. कालांतराने झिर्कोनोलाइट स्फटिकपण गमावते आणि थोडे फुगते. निसर्गात मात्र असे विस्कटलेले झिर्कोनोलाइट कोट्यवधी वर्षे युरेनियम-थोरियम धरून राहिलेले आढळते, ही दिलासा देणारी बाब आहे. गॅडोलिनियम झिर्कोनेट या दुसऱ्या सिरॅमिकची जाळी हे आघात आणखी चांगले सोसते. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडणाऱ्या मोनाझाइट या खनिजामध्ये तर झालेले नुकसान बऱ्यापैकी कमी तापमानालाही भरून येते.