व्हॉटएव्हर पीपल से आय अ‍ॅम, दॅट्स व्हॉट आयम नॉट

आर्क्टिक मंकीज या इंग्लिश इंडी रॉक बँडचा हा पहिला अल्बम, २३ जानेवारी २००६ ला डॉमिनो या लेबलने (म्हणजे रेकॉर्ड कंपनीने) काढला. १३ गाणी, प्रोड्युसर जिम अ‍ॅबिस. नाव ॲलन सिलिटोच्या 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' या कादंबरीतून उचललंय. पोरं इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराची: अ‍ॅलेक्स टर्नर (गायक आणि गिटार, गाणी बहुतेक यानेच लिहिली), जेमी कुक गिटारवर, अँडी निकल्सन बेसवर आणि मॅट हेल्डर्स ड्रम्सवर. अल्बम आला तेव्हा टर्नरला वीस पूर्ण होऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते.

लेबल मिळायच्या आधी हे लोक शोला डेमोच्या सीडी फुकट वाटायचे, त्या सीडी फॅन लोकांनी कॉम्प्युटरवर चढवल्या, एकमेकांना पाठवल्या आणि मग शोला आलेली पब्लिक अजून न आलेल्या गाण्यांचे शब्द पाठ म्हणायला लागली. मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवरचं पेजसुद्धा फॅननीच काढलेलं. पेपरवाल्यांनी मात्र 'इंटरनेटने घडवलेला बँड' हेच धरून ठेवलं. पण नुसत्या फुकट फाइल्स तेव्हा ढिगाने बँड वाटत होते, त्यातले किती टिकले? गाण्यात दम नसता तर ही गोष्ट कोणी सांगितलीच नसती.

ऑक्टोबर २००५ मध्ये 'आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोअर' हे सिंगल ब्रिटनमध्ये थेट एक नंबरला गेलं, जानेवारीत 'व्हेन द सन गोज डाउन' पण. अल्बमच्या पहिल्या आठवड्यात ३,६३,७३५ कॉप्या खपल्या, तोवर ब्रिटनमध्ये कुठलाच पहिला अल्बम इतक्या झपाट्याने खपला नव्हता. २००७ मध्ये लिओना लुइस या गायिकेने हा रेकॉर्ड मोडला.

गाणी म्हणजे बरीचशी शेफिल्डमधली वीकेंडची रात्र. क्लबच्या दारातला आडमुठा बाउन्सर, घरी जाताना टॅक्सीत कोंबून बसलेली टाळकी, रुसलेली गर्लफ्रेंड. 'फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को' मध्ये तर शेजारच्या रॉदरहॅममधून येऊन न्यूयॉर्कचा आव आणणाऱ्या बँडची सरळ टर उडवलीय. शेवटचं 'अ सर्टन रोमान्स' माझ्या मते अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात भारी: आधी टर्नर गावातल्या ट्रॅकसूटवाल्या मारामारखोर पोरांवर तोंडसुख घेतो, आणि मग लक्षात येतं की त्यातले काही आपलेच मित्र आहेत, त्यांच्यावर तसं चिडता येत नाही. एवढ्या वयात असं लिहिणं सोपं नाही राव.

समीक्षकांनी ब्रिटनमध्ये डोक्यावर घेतलं. एनएमई या ब्रिटिश म्युझिक मासिकाने १० पैकी १० दिले आणि अल्बम बाजारात येतोय न येतोय तोच आजवरच्या सर्वोत्तम ब्रिटिश अल्बमांच्या यादीत पाचव्या नंबरला बसवून टाकला, जे जरा अतिच झालं. अमेरिकेत इतका गाजावाजा नाही, पिचफोर्क या म्युझिक साइटने १० पैकी ७.४ दिले, म्हणजे चांगलंय पण वेड लागण्यासारखं नाही, आणि बिलबोर्डच्या अमेरिकन अल्बम चार्टवर अल्बम २४ व्या नंबरला आला. कौतुक मुख्यतः टर्नरच्या शब्दांचं आणि हेल्डर्सच्या ड्रम्सचं झालं.

कव्हरवरून वेगळाच राडा. त्यावर क्रिस मॅक्लूर हा बँडचा मित्र सिगारेट ओढतोय, रात्रभर बाहेर फिरून आल्यावर काढलेला फोटो. स्कॉटलंडच्या आरोग्य खात्यातून तक्रार आली की यातून सिगारेट ओढणं चालतं असा मेसेज जातो. बँडच्या बाजूने उत्तर काय, तर फोटो नीट बघा, सिगारेटने त्याचं काही भलं होतंय असं दिसतंय का!

सप्टेंबर २००६ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचं मर्क्युरी प्राइझ मिळालं. स्टेजवर टर्नर म्हणाला की कोणीतरी ९९९ ला (ब्रिटनमधला पोलिसांचा इमर्जन्सी नंबर) फोन लावा, रिचर्ड हॉलीला लुटलंय. हॉली हा गायक पण शेफिल्डचाच, त्याचा 'कोल्स कॉर्नर' हा अल्बम पण शर्यतीत होता. २००७ च्या ब्रिट अवॉर्ड्समध्ये बेस्ट ब्रिटिश अल्बम पण यालाच. तोपर्यंत निकल्सन बँडमधून बाहेर पडला होता आणि बेसवर निक ओमॅली आला होता.