फील्ड ओव्हरराइड होत नाही

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस आले की सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या नोट्स फिरू लागतात. त्यातली एक ओळ वर्षानुवर्षं तशीच आहे: 'सबक्लासमध्ये त्याच नावाचं फील्ड लिहिलं की मूळ क्लासचं फील्ड ओव्हरराइड होतं.'

क्लास म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, सबक्लास म्हणजे त्याचा वारसा घेणारा दुसरा साचा; फील्ड म्हणजे त्यात साठवलेली किंमत, मेथड म्हणजे त्याला करता येणारं काम. ओव्हरराइड म्हणजे सबक्लासच्या नव्या रूपाने मूळ रूपाची जागा घेणं. मेथडचं तसंच होत असल्यामुळे हे पटतंही. पण जावात फील्ड फक्त झाकलं जातं, बदललं जात नाही.

आपलीच चादर घ्या. 'चादर' क्लासमध्ये भाव ३००, तिच्या 'सोलापुरीचादर' या सबक्लासमध्ये भाव ९००. दोन्हींत 'भावसांगा' ही मेथड, आपापला भाव परत देणारी. (जावाला देवनागरी नावं चालतात, बरं का!) आता व्हेरिएबल 'चादर' टाइपचं ठेवा आणि त्यात सोलापुरीचादरचा ऑब्जेक्ट घाला. मेथड बोलावली तर ९००. थेट फील्ड छापलं तर ३००!

कारण कोणती मेथड चालवायची ते प्रोग्राम चालताना, खरा ऑब्जेक्ट बघून ठरतं. फील्ड मात्र कंपाइलर (कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) आधीच ठरवतो, व्हेरिएबलच्या टाइपवरून. ऑब्जेक्टच्या पोटात दोन्ही भाव असतात. व्हेरिएबल 'सोलापुरीचादर' टाइपमध्ये कास्ट करून, म्हणजे त्याला तो टाइप मानायला सांगून, फील्ड विचारलं की ९०० मिळतात. आणि सबक्लासमधली मेथड खोडली, तर वारशाने आलेली मेथड ३००च सांगेल. इथे भलेभले चकतात.

अजून शंका असेल तर फील्डवर 'ॲट ओव्हरराइड' (@Override, म्हणजे 'हे मूळचं ओव्हरराइड करतंय' असं कंपाइलरला सांगणारी खूण) लिहून बघा. कंपाइलर तिथेच अडवतो.

पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतून आलेल्यांचा गोंधळ स्वाभाविक आहे. तिथे 'सेल्फ'वरचं, म्हणजे त्या ऑब्जेक्टवरचं, नाव एकच असतं, नंतरची किंमत आधीची पुसून टाकते.